मॅनहॅटन ओढणाऱ्याचा हिशेब : पॉवर-स्केलिंगवाल्यांना खुले पत्र

मार्वल कॉमिक्समधला नॉर्स देव थॉर मोठा की ग्रीक देव हर्क्युलिस, या प्रश्नावर जुन्या मैत्र्या पणाला लावणाऱ्या तमाम मराठी कॉमिक्सप्रेमींस,

स. न. वि. वि.

पॉवर-स्केलिंग, म्हणजे नायकांच्या पराक्रमांवरून त्यांची ताकद मोजून उतरंड लावणं, हे तुमचं भांडण जुनं आहे. १९७४ सालच्या ‘मार्वल टीम-अप’च्या २८व्या अंकात स्पायडरमॅनच्या जोडीला हर्क्युलिस आहे. खलनायक यंत्रांच्या जोरावर अख्खं मॅनहॅटन बेट मुळापासून तोडून समुद्रात पळवतात आणि हर्क्युलिस ते ओढत परत आणतो. जेरी कॉनवेंनी लिहिलं, जिम मूनींनी काढलं, छापलं, विकलं गेलं. तेव्हापासून प्रश्न लटकलेला आहे : मग या गड्याची ताकद धरायची किती?

तुमच्यातला एक गट म्हणतो, छापलंय म्हणजे घडलंय. बेटाचं वजन काढा आणि लावा पट्टी. दुसरा म्हणतो, हा ‘आऊटलायर’, रांगेबाहेरचा अपवाद. एरवी ज्याला एखादी इमारत सावरताना घाम फुटतो, त्याच्या खात्यावर बेट जमा करायचं नाही. तिसरा गट नुसता हसतो आणि ‘रेटकॉन’ (जुनी गोष्ट मागाहून बदलणं) एवढाच शब्द टाकून चहा प्यायला जातो, कारण पुढे मार्वलच्याच लोकांनी हा प्रसंग हर्क्युलिसने स्वतःच रंगवून सांगितल्याची सारवासारव केली. तिन्ही गटांना अंकांचे क्रमांक तोंडपाठ, पानांचे फोटो तयार. अभ्यासाच्या बाबतीत तुम्हाला कोणी नावं ठेवू नयेत.

तक्रार वेगळी आहे. पुराणातून कॉमिकमध्ये आलेल्या नायकाचा पराक्रम म्हणजे वजनकाट्यावरची नोंद, हे तुम्ही तिघंही धरून चालता. माझ्या मते ती साक्ष असते. आणि साक्ष म्हटली की पहिला प्रश्न ‘किती टन’ हा नसतो. कोण सांगतंय, कोणाला सांगतंय आणि सांगून त्याला काय मिळणार आहे, हे आधी विचारायचं असतं.

पण तुम्हाला आकडे आवडतात, मलाही आवडतात. तेव्हा आधी तुमच्याच मैदानात खेळू.

मॅनहॅटनची जमीन सुमारे ५९ चौरस किलोमीटर. लांबी साडेएकवीस किलोमीटरच्या आसपास, रुंदी जास्तीत जास्त पावणेचार. क्षेत्रफळ पक्कं आहे. पहिला घोळ खोलीचा. बेट म्हणजे पाण्यावर ठेवलेला पाट नव्हे. खाली ‘मॅनहॅटन शिस्ट’ नावाचा कातळ आहे आणि तो खालच्या भूभागाशी सलग जोडलेला आहे. खलनायकांनी तो नेमका कुठे कापला? शंभर मीटरवर कापला असं धरा. घनमीटरला २.७ टन या हिशेबाने कातळाचं वजन होतं साधारण १६०० कोटी टन. एक किलोमीटरवर कापला असेल तर १६,००० कोटी. वीस मीटरवर कापला तर ३२० कोटी, आणि मग गगनचुंबी इमारतींचे पाये उघडे पडले असतील ते वेगळंच. म्हणजे ज्या आकड्यावरून तुम्ही एकमेकांचा उद्धार करता, तो अंकातल्या चित्रातून निघतच नाही. जो कोणी तो काढतो, त्याच्या मनातल्या कापाच्या खोलीतून तो निघतो.

आता ओढणं. ओढणं म्हणजे उचलणं नव्हे, हे तुमच्यापैकी निम्मे लोक विसरतात. पाण्यावर तरंगणारी अवजड वस्तू थोड्या जोरानेही हलते, फक्त फार हळू. मग हर्क्युलिस किती जोर लावू शकतो? दंडात कितीही बळ असू दे, आडवा जोर लावायचा तर पायाखाली पकड हवी. मार्वलच्या अधिकृत माहितीप्रमाणे त्याचं वजन ३२५ पौंड, म्हणजे १४७ किलो. पायाखालची पकड उत्तम आहे असं मानलं, तरी स्वतःच्या वजनाएवढ्या जोरापलीकडे गेला की पाय घसरणार. हा जोर सुमारे १४५० न्यूटनचा. तो शंभर मीटर जाडीच्या मॅनहॅटनला लावा, पाण्याचा विरोध शून्य धरा, वारा नाही, लाटा नाहीत. पूर्ण २४ तास न थांबता ओढल्यावर बेट सरकेल सुमारे ३४ सेंटिमीटर. फुटापेक्षा बोटभर जास्त!

इथे कोणीतरी उठून म्हणेल की त्याने टाचा समुद्रतळात रोवल्या असतील. रोवल्या असतील की. मग तो सगळा भार त्या तळाच्या दगडाने सोसला, दोरीने किंवा साखळीने सोसला, आणि बेटाच्या ज्या टोकाला ती अडकवली होती त्या टोकाने न तुटता सोसला. पराक्रमात एवढे भागीदार असताना श्रेय एकट्या दंडाला का? असं खेचत गेलं की शेवटी उत्तर येतं ते एवढंच : पानभर मोठं चित्र काढायला बसलेल्या माणसाने न्यूटनला विचारलं नव्हतं. त्याने विचारावं असं मलाही वाटत नाही.

मार्वलने स्वतः मोजमाप करून बघितलं नाही असं नाही. जानेवारी १९८३ पासून ‘ऑफिशियल हँडबुक ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स’ निघायला लागलं. त्यामागचा मुख्य माणूस मार्क ग्रुएनवाल्ड. सुसंगतीचा भोक्ता, तुमच्या पंथाचा आद्य गुरू म्हणायला हरकत नाही. उंची, वजन, डोळ्यांचा रंग, आणि ताकदीचे वर्ग. सर्वांत वरचा वर्ग ‘क्लास १००’, म्हणजे शंभर टन किंवा त्याहून जास्त उचलणारे. थॉर त्यात, हर्क्युलिस त्यात, हल्क त्यात. या वर्गाची गंमत नीट बघा. त्याला तळ आहे, छत नाही. १०१ टनवाला आणि आकाश पेलणारा एकाच बाकावर. मला यात ग्रुएनवाल्डचा शहाणपणा दिसतो. खालच्या मंडळींना त्याने फूटपट्टी लावली आणि देवांपाशी आल्यावर पट्टी मुकाट्याने खाली ठेवली. तुम्ही ती उचलून १६०० कोटी भागिले १०० करत बसता आणि सोळा कोटी पट फरक दिसला की कंपनीला शिव्या घालता.

आता साक्षीदाराकडे येऊ.

१९८५ सालच्या ‘थॉर’च्या ३५६व्या अंकात थॉर जवळजवळ नाहीच. बॉब लेटन आणि जॅक्सन गाइस यांनी तो हर्क्युलिसला देऊन टाकला आहे. हर्क्युलिस मुलांच्या घोळक्यात बसून आपण थॉरशी कसे लढलो याची कथा सांगतो. शहर उद्ध्वस्त होतं, प्रत्येक ठोशाला मागच्याहून मोठा ठोसा येतो, आणि अर्थातच सांगणारा जिंकत चाललेला असतो. पण श्रोत्यांत थॉरचा एक छोटा भक्त आहे, त्याच भक्तीपायी इतर मुलांच्या चिडवण्याचा धनी झालेला. त्याचं तोंड उतरलेलं हर्क्युलिसला दिसतं. तिथे हा गर्विष्ठ, दारूबाज, स्वतःच्याच प्रेमात बुडालेला देव कथेचा शेवट फिरवतो आणि थॉरला जिंकून देतो.

तुमच्या याद्यांमध्ये हा अंक कसा येतो ते मी पाहिलं आहे. एक बाजू त्यातले ठोसे ‘फीट’ म्हणून, म्हणजे मोजायचा पराक्रम म्हणून, हर्क्युलिसच्या नावावर लावते. दुसरी शेवट दाखवून म्हणते, बघा, थॉर जिंकला. सगळा अंक ज्या एका गोष्टीवर उभा आहे, की हे सगळं एक थापाड्या सांगतो आहे आणि एका पोराला रडू येऊ नये म्हणून थाप बदलतो आहे, ती गोष्ट दोन्ही बाजूंच्या हिशेबात शून्य. हर्क्युलिसने आयुष्यात केलेल्या मोठ्या कामांत मी तो बदललेला शेवट मॅनहॅटनच्या वर धरतो. तुम्ही नका धरू, पण निदान यादीत ‘सांगणारा कोण’ असा एक रकाना तरी ठेवा.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये खरं तर. आपल्याकडे या प्रश्नावर शंभरेक वर्षं घनघोर वाद झालेले आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि त्यानंतर बखरीकडे कोणी पूर्वीच्या भाबडेपणाने पाहू शकलं नाही. बखरीत फौज लाखांच्या खाली क्वचित येते, वीर एका घावात हवे तेवढे गडी कापतो. अस्सल पत्र, जमाखर्चाचा कागद, हुकूम समोर आला की आकडा निमूट खाली उतरतो. पण म्हणून जाणत्या इतिहासकाराने बखर रद्दीत घातली नाही. सभासदाची बखर आजही वाचावी लागते. ती कोणी लिहिली, कुठे बसून लिहिली, कोणाच्या आज्ञेने लिहिली हे बघून वाचावी लागते, एवढंच. फौजेच्या मोजदादीपेक्षा लिहिणाऱ्याला कशाचा अभिमान होता आणि कशाची धास्ती होती, याची तिची साक्ष जास्त पक्की.

कॉमिकचा अंक ही बखर आहे. तिचा अस्सल कागद कुठेच नाही, कारण घटना घडलेलीच नाही. तुम्ही मात्र राजवाड्यांचा चष्मा लावून बखरीतच जमाखर्च शोधता. सापडणार कसा?

आणि हा वाद कॉमिक्सने सुरू केला असंही समजू नका. पहिला पॉवर-स्केलर ग्रीक पुराणातच बसलेला आहे. त्याचं नाव युरिस्थियस. अपोलोडोरस या ग्रीक लेखकाच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथात हर्क्युलिसला, ग्रीक नावाने हेराक्लिसला, मुळात दहा कामं नेमून दिलेली आहेत. मग बारा कशी झाली? युरिस्थियस राजाने दोन कामं बाद केली म्हणून! हायड्रा नावाचा अनेक मुंडक्यांचा साप मारला, ते काम बाद, कारण पुतण्या इओलाओस मदतीला होता. हा मुंडकं उडवायचा आणि तो जखम डागायचा, पुन्हा मुंडकं फुटू नये म्हणून. ऑजियस राजाचे वर्षानुवर्षं न झाडलेले गोठे नद्यांचं पाणी वळवून एका दिवसात साफ केले, तेही बाद, कारण त्याची मजुरी ठरवून घेतली होती. ‘मदत घेतली, धरणार नाही.’ ‘पैसे घेतले, धरणार नाही.’ तुमच्या भांडणातली वाक्यं जशीच्या तशी. आणि हा परीक्षक स्वतः कसा होता? हर्क्युलिसने मारलेला सिंह आणून दाखवल्यावर याची इतकी गाळण उडाली, की त्याने जमिनीत एक काशाचा रांजण पुरून घेतला, लपायला, आणि पुढचे हुकूम निरोप्याकरवी पाठवायला लागला. समोर उभं राहायची छाती नाही, पण कोणतं काम मोजायचं ते हा ठरवणार. (तुम्हाला उद्देशून नाही. असलंच तर थोडंसं.)

त्या जुन्या कथाकारांना बळाचं काय कौतुक होतं ते याच बाद झालेल्या कामांतून दिसतं. गोठ्याचं काम दंडाचं नाहीच, ते पाटबंधाऱ्याचं आहे. आकाश पेलण्याची कथा घ्या. ॲटलस सोन्याची सफरचंदं घेऊन आला आणि म्हणाला, आता तूच धर कायमचं आभाळ. हर्क्युलिस म्हणाला, बरं, फक्त डोक्यावर चुंबळ ठेवेपर्यंत जरा धर. ॲटलसने धरलं आणि हा सफरचंदं उचलून चालता झाला. जगातला सर्वांत मोठा भार उतरवला तो थापेने. ऑलिंपियातल्या झ्यूसच्या देवळातल्या शिल्पात तर आणखी मौज आहे. हर्क्युलिसच्या खांद्यावर खरोखर उशी आहे, तो सगळं बळ एकवटून उभा आहे, आणि मागे अथीना एका हाताने, अगदी सहज, त्याच आभाळाला टेकू देते आहे. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात ते कोरणाऱ्याला नायकाच्या पराक्रमात देवीचा हात दाखवायला कमीपणा वाटला नाही. युरिस्थियसने ते शिल्प पाहिलं असतं तर आभाळही बाद केलं असतं.

थॉरकडे वळू, नाहीतर त्याचे भक्त म्हणतील पत्र एकतर्फी आहे.

थॉर मार्वलमध्ये आला ऑगस्ट १९६२ मध्ये, ‘जर्नी इंटू मिस्टरी’च्या ८३व्या अंकात. पण त्याच्या ताकदीवरची सर्वांत मार्मिक कथा या अंकाच्या सातशे-साडेसातशे वर्षं आधीची आहे, तेराव्या शतकातल्या आइसलंडच्या स्नॉरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेली. थॉर उट्गार्डा-लोकी नावाच्या राक्षसराजाच्या दरबारात जातो. त्याला एका शिंगातून पेय प्यायला सांगतात. तीन दमात शिंग रिकामं होत नाही. दरबारातलं मांजर उचलायला सांगतात. पोटाखाली हात घालून सगळा जोर लावला तरी एक पंजा तेवढा जमिनीवरून सुटतो. चिडून तो कुस्ती मागतो, तर समोर एक म्हातारी आणतात, आणि ती त्याला एका गुडघ्यावर आणते. सकाळी राक्षसराज त्याला वेशीबाहेर सोडतो आणि मग खरं सांगतो. शिंगाचं दुसरं टोक समुद्रात होतं. तू इतकं प्यायलास की ओहोटी लागली. मांजर म्हणजे पृथ्वीला वेढून बसलेला सर्प; त्याचा एक पाय उचलला गेला तेव्हा आम्ही सगळे थरथरलो. आणि म्हातारी म्हणजे म्हातारपण, तिच्यापुढे कोण टिकलंय? पुन्हा इकडे येऊ नकोस.

आता ही कथा तुमच्या तक्त्यात भरून दाखवा. दरबारातल्या साक्षीदारांच्या डोळ्यांनी तीन पराभव. यजमानाच्या कबुलीप्रमाणे देवादिकांनाही न जमलेले तीन पराक्रम. आणि कबुली देणारा आदल्या दिवशी भर दरबारात थॉरला फसवणारा मायावी. त्याचा शब्द खरा धरायचा? स्नॉरी या प्रश्नाचं उत्तर देत नाही. थॉर हातोडा उगारतो तोवर राजाही गेलेला, दरबारही गेलेला, समोर मोकळं मैदान. तपासायला पुरावाच ठेवलेला नाही. मोजणाऱ्यांची इतकी सफाईदार टिंगल दुसऱ्या कुठल्या पुराणात असेल तर ती आपल्याच, वनपर्वातली. दहा हजार हत्तींचं बळ असलेला भीम वाटेत आडव्या पडलेल्या म्हाताऱ्या वानराची शेपटी बाजूला करायला जातो. एका हाताने, मग दोन्ही हातांनी. शेपटी हलत नाही. भीमाच्या ‘लिफ्टिंग’च्या खात्यावर त्या दिवशी तुम्ही काय लिहिणार?

हातोड्याबद्दल एकच, कारण त्यावर तुम्ही आधीच फार शाई सांडली आहे. थॉरचा हातोडा किती किलोचा? खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी २०१३ साली गमतीत म्हटलं की तो न्यूट्रॉन ताऱ्याच्या द्रव्याचा असेल तर तीनशे अब्ज हत्तींच्या कळपाएवढा भरेल. त्यावर मार्वलचंच १९९१ सालचं कार्ड पुढे आलं : ४२.३ पौंड. एकोणीस किलो फक्त. गहू भरलेलं पोतंही त्याहून जड असतं. तीनशे अब्ज हत्ती आणि एकोणीस किलो, दोन्ही आकडे बिनकामाचे, कारण त्या हातोड्यावर पहिल्या अंकापासून कोरलेली अट पात्रतेची आहे. ‘थॉर’च्या नोव्हेंबर १९८३ च्या ३३७व्या अंकात वॉल्टर सायमन्सनने घोड्याच्या तोंडाच्या एका परग्रहवासी योद्ध्याच्या, बीटा रे बिलच्या, हातात तो दिला, तेव्हा वाचक हादरले ते काय त्याचे दंड बघून?

याच सायमन्सनचा जून १९८७ चा ३८०वा अंक तुम्ही ‘फीट’ म्हणून मिरवता, आणि तिथे मात्र मी तुमच्याशी सहमत आहे, कारण वेगळं असलं तरी. अख्खा अंक पानभर चित्रांचा, एका पानाला एकच चौकट, चित्रं सॅल बुसेमाच्या साथीने. समोर पृथ्वीला वेढणारा तोच सर्प. थॉरला मृत्यूची देवी हेला हिचा शाप आहे : हाडं ठिसूळ होतील, मोडलेली जुळणार नाहीत, आणि मरण मात्र येणार नाही. तो सर्पाला मारतो आणि स्वतःच्या देहाचा चेंदामेंदा करून घेतो. सर्प किती मैल लांब होता हे तुम्ही त्याच्या वेटोळ्यांवरून मोजलंत. थॉरला त्या विजयाची किंमत काय पडली, हे मोजायला कोणाला सुचलं नाही. तसंच हर्क्युलिसच्या बाबतीत. १९८६-८७ च्या ‘ॲव्हेंजर्स’मध्ये रॉजर स्टर्नने त्याला मास्टर्स ऑफ ईव्हिलच्या टोळीकडून मरेस्तोवर मार खायला लावला. प्यायलेला होता, गटाचं नेतृत्व करणाऱ्या बाईचा हुकूम ऐकायचा नव्हता, एकटाच आत घुसला. हा प्रसंग तुम्ही ‘अँटी-फीट’ म्हणून विरोधकांच्या तोंडावर मारता. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला तो सर्वांत विश्वासार्ह कागद वाटतो, कारण त्यात फुशारकी मारायला कोणी शिल्लकच नव्हतं.

आता एक विनंती, थोडी कडक. या भांडणात मधूनच कोणीतरी ‘हनुमान विरुद्ध थॉर’ आणतो आणि मग अर्धे लोक श्रद्धेने आणि अर्धे चेष्टेने पेटतात. हे बंद करा. भावना दुखावतात म्हणून सांगत नाही. त्याची काळजी घ्यायला माणसं भरपूर आहेत. मारुतीचं बळ मुळात मोजण्यासाठी बांधलेलंच नाही म्हणून सांगतो. भीमरूपीत तो अणूपासून ब्रह्मांडाएवढा होत जातो. त्यात तुम्ही कोणता मुक्काम पकडणार? शिवाय त्याला स्वतःच्या बळाचा विसर पडलेला आहे आणि समुद्रकिनारी जांबवंताने आठवण करून दिल्यावरच तो वाढतो. म्हणजे त्याची ताकद किती, याचं उत्तर शेजारी कोण उभा आहे त्यावर अवलंबून. असल्या माणसाला क्लास १०० च्या बाकावर बसवणं हा हिशेबाचाच अडाणीपणा आहे. आणि थॉरवरही अन्याय. तो बिचारा त्याच्या कथेत त्याच्या थंडीत त्याच्या राक्षसांशी लढतोय, त्याला अंजनीसुताशी लावून देण्यात त्याचं काय भलं झालं?

भांडू नका असं मी म्हणणार नाही. भांडणाशिवाय ही पुस्तकं वाचण्यात निम्मी मजा नाही, आणि स्टॅन ली-जॅक किर्बी जोडीने ती तुमच्या-माझ्या भांडणासाठीच लिहिली-काढली. मार्च १९६६ चा १२६वा अंक घ्या, ज्या अंकापासून ‘जर्नी इंटू मिस्टरी’चं नाव बदलून ‘थॉर’ झालं. स्वतःच्या नावाच्या पहिल्याच अंकात नायक हरतो, हर्क्युलिसकडून, भर न्यूयॉर्कच्या रस्त्यात. हर्क्युलिसवाले साठ वर्षं तो अंक फडकवतात. थॉरवाले साठ वर्षं एकच टीप जोडतात : त्याचा बाप ओडिन याने ऐन लढाईत त्याची निम्मी ताकद काढून घेतली होती, कारण थॉरने प्रेयसी जेन फॉस्टरला आपली खरी ओळख सांगितली. दोघांचंही बरोबर आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीला विषय माझ्याकडून घ्या. निम्मी ताकद गेली हे हर्क्युलिसला माहीत नव्हतं. बघ्यांना माहीत नव्हतं. माहीत होतं ते ओडिनला, थॉरला आणि बारा सेंट मोजून अंक घेणाऱ्या पोरांना. विजयी वीराने त्या संध्याकाळी जी कथा सांगितली असेल, ती त्याच्या बाजूने शंभर टक्के खरी होती की थाप होती? टनांचा एकही आकडा न वापरता उत्तर द्यायचं. हरणाऱ्या गटाने भजी आणायची.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
दोन्ही देवांचा एक वाचक